सेनोतेत उतरण्याआधी

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात गेलेला पर्यटक चिचेन इत्झाचा पिरॅमिड पाहतो आणि तिथून जवळच इक किल या सेनोतेत पोहायला उतरतो. जमिनीपासून सुमारे 26 मीटर खाली गोलाकार निळं पाणी, कड्यांवरून लोंबणारी झाडांची मुळं, वरून येणारा उन्हाचा झोत. निसर्गाने जणू पोहण्यासाठीच बांधलेला तलाव, असं कुणालाही वाटावं. माझ्या मते सगळा घोटाळा या समजुतीपासून सुरू होतो. सेनोते हा स्वतंत्र तलाव नव्हे. द्वीपकल्पाखाली पसरलेल्या भूजलाचं ते उघडं पडलेलं तोंड आहे. इथे पोहणारा माणूस लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात उतरलेला असतो, आणि तिथलं त्याचं वागणं या एकाच कसोटीवर तपासायला हवं.

युकातानच्या उत्तर भागात पाऊस चांगला पडतो, तरी जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत, कारण खालचा खडक चुनखडीचा आहे. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल झालेलं पाणी हा खडक हळूहळू विरघळवतं. भेगा रुंदावतात, त्यांची भुयारं होतात आणि छत कोसळलं की सेनोते तयार होतो. हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली होती तेव्हा ही भुयारं कोरडी होती. म्हणूनच आज पाण्याखाली लवणस्तंभ दिसतात. ते हवेत ठिबकणाऱ्या पाण्यानेच घडू शकतात. त्या काळात माणसंही आत शिरली होती. ओयो नेग्रो या बुडालेल्या विवरात 2007 साली एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, तो 12 हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. साक आक्तुन आणि दोस ओहोस ही भुयारं आतून जोडलेली असल्याचं 2018 मध्ये पाणबुड्यांनी दाखवून दिलं, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी 347 किलोमीटर भरली. आपला दख्खनचा बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून महाराष्ट्राच्या पठारावर सेनोते नाहीत. पण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हाचे थर साचत होते त्याच कालखंडात, युकातानमध्ये चिक्षुलूब इथे लघुग्रह आदळला. गाडल्या गेलेल्या त्या विवराच्या कडेने आज सेनोतेंची अर्धवर्तुळाकार रांग उभी आहे.

या रचनेचा परिणाम असा, की वरून पडलेली घाण वाटेत फारशी गाळली जात नाही. मातीचा थर पातळ, खडकातल्या वाटा मोठ्या. मेरिदासारखं मोठं शहर याच भूजलावर जगतं, आणि तिथल्या बहुतेक घरांचं सांडपाणीही शोषखड्ड्यांतून पुन्हा जमिनीतच मुरतं. भुयारांच्या अंधारात आंधळे मासे आणि कवचधारी जीव राहतात. त्यांतले काही जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. प्राचीन माया लोक पाण्याच्या बाबतीत काटेकोर होते. चिचेन इत्झातल्या पवित्र सेनोतेत जेड, सोनं आणि माणसांचेही बळी अर्पण होत. शहराला लागणारं पाणी मात्र श्तोलोक या वेगळ्या सेनोतेतून भरलं जाई. उतरण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ करा, सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावू नका, हा आजचा नियम त्याच काटेकोरपणातला आहे.

यावर कुणी म्हणेल, हजारो डुकरांच्या वराहशाळा आणि शहरांचं सांडपाणी यांच्यापुढे एका माणसाच्या अंगावरचं मलम ते किती? प्रमाणाच्या दृष्टीने हा आक्षेप बरोबर आहे. पण मलम एकाचं नसतं. एकाच मर्यादित पाण्यात दिवसभर माणसं उतरत राहतात आणि तिथे समुद्रासारखी भरती-ओहोटीची घुसळण नसते. शिवाय पर्यटकाचा खरा भार पोहण्यात नसून मुक्कामात आहे. कानकून ते तुलूमच्या किनाऱ्यावर हॉटेलं उभी राहिली, त्यांच्याबरोबर सांडपाणीही वाढलं, आणि इथलं भूजल शेवटी समुद्रातल्या प्रवाळांकडेच जातं.

मग पोहणंच बंद का करू नये? मला ते पटत नाही, आणि याचं कारण ओमून. हे माया वस्तीचं गाव सेनोते दाखवून, पर्यटकांना पाण्यात उतरवून पोट भरतं. सुमारे 49 हजार डुकरांची वराहशाळा शेजारी आली तेव्हा गाव विरोधात उभं राहिलं. मुलांच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात 2018 साली तिला न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पाणी स्वच्छ राहण्यावर ज्यांची रोजची कमाई अवलंबून आहे, त्यांच्याइतका जागरूक राखणदार सरकारी फलकाने मिळत नाही. बंदी घातली तर ही कमाई जाईल आणि ती जमीन विकत घ्यायला पुढे येणारा बहुधा वराहशाळेवालाच असेल. म्हणून गावकऱ्यांनी चालवलेला सेनोते निवडावा, त्यांनी सांगितलेली अंघोळ मनापासून करावी, प्रशिक्षणाशिवाय भुयारात शिरू नये, आणि हॉटेल ठरवताना खोलीच्या भाड्याबरोबर तिथलं सांडपाणी कुठे सोडलं जातं हेही विचारावं.