पहिल्या लेण्याच्या पलीकडची घारापुरी

घारापुरीला जाणाऱ्यांची सहल बहुधा ठरलेली असते. धक्क्यावर उतरायचे, पायऱ्या चढायच्या, मोठे लेणे पाहायचे, महेशमूर्तीसमोर फोटो काढायचे आणि खाली येऊन लाँच पकडायची. त्यामुळे ‘तिथे फार गर्दी असते’ एवढेच अनेकांच्या लक्षात राहते. गर्दी असते हे खरे, पण ती बेटाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यापुरतीच. त्यापलीकडे मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर कमालीची शांत जागा आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

गेटवे ऑफ इंडियाहून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात. साधारण दहा-अकरा किलोमीटरचा हा प्रवास म्हणजे मुंबई बंदराचे दर्शनच. नौदलाच्या राखाडी युद्धनौका, नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजे, तेलवाहू जहाजांसाठीचे जवाहर द्वीप एकामागून एक मागे पडत जातात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना गाठी-शेव, वेफर्स टाकतात. तेवढे मात्र टाळावे. तळलेले, खारट खाणे हा त्या पाहुण्यांचा आहार नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हा कितीही उकडत असले तरी लाइफ जॅकेट अंगावर असायलाच हवे.

लाँच लागते ती शेतबंदरला. लांबलचक धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्यापर्यंत नेते; चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. पुढे शंभरावर पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना दुकाने.

मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकातले. काळ्या कातळात आत उतरत गेलेले हे शिवालय पाहायला तासभरही कमी पडतो. सुमारे वीस फूट उंचीची महेशमूर्ती तर आहेच. पण अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, अंधकासुरवध ही शिल्पेही तितक्याच सावकाशीने पाहावीत. पोर्तुगीज काळात त्यांची बरीच मोडतोड झाली. तरीही कल्याणसुंदर शिल्पातल्या पार्वतीच्या किंचित झुकलेल्या मानेत नववधूचा संकोच आजही स्पष्ट दिसतो. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पहिल्या लाँचने पोहोचलेल्याला गर्दी वाढण्याआधीचा मोलाचा वेळ इथे मिळतो.

एवढे पाहून बहुतेक जण मागे फिरतात, आणि इथेच चुकते. लेण्यांच्या वरच्या टेकडीवर दोन जुन्या तोफा आहेत. तिथवरची चढण सोपी आहे आणि वर पोहोचल्यावर एकीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, तर दुसरीकडे खाडी ओलांडणारा अटल सेतू दिसतो. समोरची पूर्वेकडची टेकडी त्याहून निवांत. तिच्यावर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. या टेकडीवरही लेणी आहेत, पण तिकडे जाणारे फार थोडे. माकडांपासून मात्र खाण्याच्या पिशव्या जपाव्यात.

आणि गावे! शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर अशा तीन वस्त्यांत मिळून सुमारे हजार-बाराशे माणसे राहतात. गाव रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातले. रात्री समोर मुंबई लखलखत असताना इथे वर्षानुवर्षे संध्याकाळचे काही तास जनरेटरवर दिवे लागत. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज आली ती थेट २०१८ मध्ये. देशाच्या आर्थिक राजधानीसमोरच्या गावाला इतकी वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट लेण्यांच्या इतिहासाइतकीच पाहुण्यांना सांगितली गेली पाहिजे. दवाखाना, कॉलेज यांसाठी आजही पाणी ओलांडावे लागते. मोरबंदरच्या बाजूला कांदळवनाचा दाट पट्टा आहे. वाट गावकऱ्यांना विचारून घ्यावी आणि जेवण स्थानिक खानावळीत घ्यावे. सहलीचा पैसा गावात राहण्याचा तोच सरळ मार्ग.

लेणी सोमवारी बंद असतात आणि रविवारी गर्दी उसळते, म्हणून मधला वार गाठलेला बरा. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.

‘एलिफंटा’ हे नाव ज्यावरून पडले तो दगडी हत्ती मात्र बेटावर सापडणार नाही. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला. तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले. दुपारच्या लाँचने परतणाऱ्याला तो त्याच दिवशी पाहता येतो, भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. बुधवारी मात्र तिथे सुट्टी असते.