‘बजावणे’ : अर्थ आणि व्युत्पत्ती

‘समन्स बजावले’, ‘नोटीस बजावली’ हे प्रयोग आपल्या रोजच्या वाचनात येतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीच्या सहवासात वाढलेल्या विद्यार्थ्याला त्यांत ‘बजाना’, म्हणजे ‘वाजवणे’, ऐकू येणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या दोन क्रियापदांचा काहीही संबंध नाही.

‘वाद्य’ या शब्दाच्या कुळातून हिंदीत ‘बजना’ आले आणि मराठीत ‘वाजणे’. शब्दारंभीचा जुना ‘व’ हिंदीत बहुधा ‘ब’ होतो, मराठीत तो टिकतो : बीस-वीस, बाट-वाट. ‘बजावणे’ मात्र फारसीतून आले. ‘जा’ म्हणजे ठिकाण. ‘बजा’ म्हणजे जागच्या जागी, योग्य. ‘बजा आवर्दन’ म्हणजे पार पाडणे. उर्दूतील ‘हुक्म बजा लाना’ हा त्याचाच अवतार. आपल्या ‘जागा’ आणि ‘बेजा’ या शब्दांतही हाच ‘जा’ आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना गुजरातीतील ‘फरज बजाववी’ परिचयाचे असेलच. वाद्यासाठी तेथे ‘वगाडवुं’ हे वेगळे क्रियापद आहे.

मूळ अर्थ ‘पार पाडणे’ हा असल्याने कर्तव्य, हक्क, कामगिरी ही सारी ‘बजावली’ जातात. ‘बजावून सांगणे’ यातही सांगितलेले समोरच्यापर्यंत पक्के पोहोचावे, हा आग्रह आहे. ‘अंमलबजावणी’त अरबी ‘अमल’, फारसी ‘बजा’ आणि मराठी प्रत्यय एकत्र नांदतात. समन्ससाठी हिंदीत रूढ असलेला ‘तामील’ हा शब्दही त्याच अरबी ‘अमल’च्या धातूतला.

न्यायालयीन भाषेत हा अर्थ काटेकोर होतो. समन्स ‘काढणे’, ‘पाठवणे’ आणि ‘बजावणे’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार प्रतिवादीने लेखी कैफियत देण्याची ३० दिवसांची मुदत समन्स बजावल्यापासून मोजली जाते, पाठवल्यापासून नव्हे; न्यायालय ती काही मर्यादेपर्यंत वाढवू शकते. प्रतिवादीने पोच देण्यास नकार दिला, तर बेलिफ समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर डकवून तसा अहवाल न्यायालयाला देतो. अशा वेळी न्यायालय समन्स रीतसर बजावल्याचे ठरवू शकते.

म्हणूनच न्यायालयाने नोटीस नुसती काढली असताना ‘बजावली’ असे लिहिणे ही केवळ शैलीची ढिलाई नव्हे. त्या एका क्रियापदाने वाचकाचा असा समज होतो की, संबंधिताला नोटीस मिळाली आणि त्याची मुदत सुरूही झाली. नोटीस निघाली असेल, तर ‘काढली’ लिहावे. पोहोचवण्याचे काम रीतसर पार पडले, की मगच ‘बजावली’.