खालची थंडी

दुकानाच्या मधोमध, काचेचं कपाट आणि टांगलेल्या सॅक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, आमची ही डाव्या कुशीवर डोळे मिटून झोपली होती. अंगात पंजाबी ड्रेस, पायांत मोजे आणि उशाला स्वतःचा हात. दुकानातला विशीतला मुलगा अवघडून माझ्याकडे बघत होता. दोन गिऱ्हाइकं तिला वळसा घालून पलीकडे गेली.

"काकू, बरी वाटतेय का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत अजून," ही डोळे न उघडता म्हणाली. "आणि खुबा टेकतोय खाली. दुसरी काढ."

त्या दिवशी आम्ही चार मॅट उलगडल्या, त्यांतल्या दोन फुगवल्या आणि दीड तासाने एक घेऊन बाहेर पडलो. थंडीत डोंगरावर, तंबूत झोपताना अंगाखाली घालायची मॅट. एवढ्याशा वस्तूला दीड तास? माझ्या हिशेबाने एकतीस वर्षं लागली.

डिसेंबर १९९३. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शनिवार-रविवार घरी राहणं मला तेव्हा पाप वाटे. हरिश्चंद्रगड बघितला नाहीस तर काय बघितलंस, असं म्हणून मी हिला पाचनईच्या वाटेने वर नेलं. गावात एका घरी चहा घेतला. तिथल्या आजींनी आमची बोचकी निरखून पाहिली आणि विचारलं, "खाली काय घालनार, दादा? दोन पेंढ्या न्या की भाताच्या." मी हसलो. गवताचे भारे वाहत गड कोण चढतं!

रात्री देवळाजवळच्या गुहेत मुक्काम. खाली एक सतरंजी. वर दोन ब्लँकेटं आणि त्यावर घोंगडी. ही कुडकुडायला लागली तेव्हा मी माझा स्वेटरही काढून तिच्या अंगावर घातला. केवढा तो पराक्रम! तीनच्या सुमारास ती उठून बसली ती उजाडेपर्यंत बसूनच राहिली. सकाळी कोकणकड्यावर मी सगळ्यांना समोरची दरी दाखवत होतो आणि ही कड्याकडे पाठ करून ऊन खात होती.

परतल्यावर मी मित्रांना सांगितलं, "हिला थंडी सोसत नाही." हे वाक्य मग घरातच रुजलं. वहिनी का नाही आल्या, असं कुणी विचारलं की तेच उत्तर. आमची मुलगी तेच ऐकत मोठी झाली. पुढे पुढे तर हीच सांगायला लागली, "तुम्ही जा बाई, मला थंडी सोसत नाही." मी गड हिंडत राहिलो आणि ही माझे डबे भरत राहिली.

डिसेंबर २०१७ मध्ये मी उत्तराखंडातल्या केदारकंठाला गेलो. सांक्री गावातून वर चढलं की पहिला मुक्काम जुडा का तालाब या तळ्याकाठी. तळं गोठलेलं, तंबू बर्फावर. माझ्याजवळ उणे दहा अंशांची म्हणून भाड्याने घेतलेली स्लीपिंग बॅग होती आणि खाली आपली नेहमीची फोमची पातळ गुंडाळी. रात्री छाती उबदार आणि पाठ बर्फाच्या लादीवर, अशी अवस्था झाली. सॅकमधले होते नव्हते ते कपडे मी बॅगेवर पसरले. काही उपयोग नाही. सकाळी आमच्या वाटाड्याने तो ढिगारा पाहिला आणि म्हणाला, "बाबूजी, सब ऊपर डाल दिया? ठंड तो नीचे से आती है।"

दुसऱ्या रात्री त्याने रिकामी पोती अंथरली, त्यावर फोमच्या दोन मॅट एकावर एक घातल्या आणि पायांखाली माझीच रिकामी सॅक सरकवली. मी झोपलो, पण लगेच नाही. पाचनईच्या आजी आठवत राहिल्या.

घरी येऊन हिला सांगितलं, "त्या वेळी चूक माझी होती. मी सगळं वर घातलं, खाली काहीच नाही."

"आता सांगताय?" ही म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मग मी जरा वाचायला बसलो. पांघरूण ऊब देत नाही, ऊब आपल्याच अंगाची असते. पांघरुणाचं काम एवढंच की अंगाभोवतीची हवा जागच्या जागी धरून ठेवायची. स्लीपिंग बॅगेतली पिसं किंवा धागे फुलून राहतात, त्यांत हवा अडकते. पण आपण तिच्यावर झोपलो की पाठीखालचा भाग वजनाने चेपतो, हवा निघून जाते आणि पाठ व जमीन यांच्यात उरतं ते नुसतं कापड. पुढे जमीन आपलं काम करते. कातळ तर रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो आणि स्वतः काही तापत नाही. बॅगेवर छापलेला उणे दहाचा आकडासुद्धा खाली चांगली मॅट आहे असं धरूनच काढलेला असतो. प्रयोगशाळेतला पुतळा काही कातळावर झोपत नाही.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. युरोपात ठरलेल्या पद्धतीनुसार स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं देतात. आरामात झोप लागेल ते तापमान सर्वसाधारण बाईसाठी आणि त्याखालची, जेमतेम निभेल ती मर्यादा पुरुषासाठी. कारण झोपेत बायकांना सहसा थंडी लवकर जाणवते. म्हणजे त्या रात्री जास्त ऊब हिला हवी होती, हे कागदोपत्री सिद्ध झालेलं होतं. ते पान मी हिला दोन दिवस दाखवलं नाही. मग दाखवलं.

आता मॅटकडे वळू. आपल्याकडे फोमच्या कुठल्याही गुंडाळीला कॅरीमॅट म्हणतात. मुळात ते एका ब्रिटिश कंपनीच्या मॅटचं नाव. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं ते सगळ्यांनाच चिकटलं. या फोममधले हवेचे कप्पे बंद असतात. त्यामुळे तो पाणी पीत नाही, त्याला भोक पडण्याची भीती नाही, आणि चुलीपाशी बसायलाही चालतो. गादीतला स्पंज हे काम करत नाही. तो चेपतो आणि दव पिऊन जड होतो. कॅरीमॅटचा दोष एकच, ती कडक असते. उताण्या झोपणाऱ्याला चालते, कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा सकाळी बोलतो.

दुसरा प्रकार आपोआप फुगणाऱ्या मॅटचा. याची गोष्ट मला फार आवडते. १९७०च्या सुमारास बोइंगमधली नोकरी गेलेले जिम ली आणि नील अँडरसन हे दोन अभियंते अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये होते. बागकाम करताना ली गुडघ्याखाली फोमची उशी घेत. ती दाबली की हवा बाहेर जाते, सोडली की आत येते. मग ती हवा आतच कोंडून ठेवली तर? फोमला हवाबंद कापड चिकटवून वर झडप बसवली आणि थर्मारेस्ट तयार झाली.

तिसरा प्रकार नुसत्या हवेच्या मॅटचा, आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. चार बोटं जाड, मऊ, वजनाला हलकी; म्हणजे ती उबदारच असणार! तसं नसतं. आत नुसती मोकळी हवा असेल तर ती फिरत राहते आणि वरची ऊब खाली पोचवते. तलावावर तरंगायची गादी थंडीत नेणारा रात्रभर गारठतो. आत तंतूंचा थर किंवा चकाकणारे पापुद्रे असतील, तरच ती थंडीच्या कामाची. पापुद्र्यांची मॅट कूस बदलली की चिवड्याच्या पिशवीसारखी वाजते, हेही सांगून ठेवतो.

मग ओळखायचं कसं? अलीकडे मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो. मॅट एका गरम आणि एका गार पाट्यामध्ये ठेवून, गरम पाटा तसाच राखायला किती ऊर्जा लागते यावरून तो काढतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेने एकच पद्धत ठरवून दिली, तेव्हापासून तुलना करता येते. दोनपर्यंतचा आकडा सौम्य हवेसाठी. सह्याद्रीतल्या डिसेंबर-जानेवारीला तीनच्या आसपास असावा. बर्फावर झोपायचं तर पाच किंवा त्याहून जास्त. आणि गृहिणींना आवडेल अशी गोष्ट, हे आकडे सरळ बेरजेने वाढतात. दोनची फोम खाली आणि साडेतीनची फुगवायची मॅट वर, की झाले साडेपाच. शिवाय वरची मॅट मध्यरात्री पंक्चर झालीच तर खालची आहेच.

विकत घेण्याआधी घरातलं बघावं, हेही खरं. घोंगडी अंगावर घेण्यापेक्षा खाली घातली तर जास्त कामाची. लोकर दाबली तरी पुरती चेपत नाही. गोधडी चालते, पण कोरडी असेतोवर. पेंढ्याचं तर विचारूच नका; त्याची एकेक काडी म्हणजे हवेची पोकळ नळीच. वाहून न्यायची सोय नाही एवढंच.

हिने निवडली ती आत तंतूंचा थर असलेली, आकडा साडेचार, कुशीवर खुबा न टेकणारी. किंमत काही हजारांत. दुकानातल्या मुलाने दोन गोष्टी शिकवल्या. मॅट तोंडाने फुगवायची नाही, श्वासातली वाफ आत जाऊन पाणी साठतं. सोबतच्या पिशवीने भरायची. आणि संध्याकाळी भरलेली मॅट झोपताना पुन्हा तपासायची, कारण हवा थंडीने आकसते. पंचवीस अंशांवरून उणे पाचवर गेली तर दहा टक्के कमी होते.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पाचनईला गेलो. त्याच घरी. आजी केव्हाच गेल्या. त्यांच्या नातसुनेने अंगणात तंबू लावू दिला. एक महागाची मॅट घेतल्यावर दुसरी घ्यायला मन झालं नव्हतं. आपली जुनी कॅरीमॅट मला पुरेल, असं मीच म्हणालो होतो.

पहाटे चार वाजता हिचा श्वास संथ चालला होता. माझी पाठ गार पडली होती. आवाज न करता मी तंबूची चेन उघडली, तरी ती जागी झालीच.

"काय झालं हो?"

"काही नाही. झोप तू. पडवीत पेंढा आहे, दोन पेंढ्या आणतो."