'नेट स्लो आहे' म्हणजे नेमके काय?

आमच्या नाशिकच्या महाविद्यालयातील ही गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. "सर, नेट स्लो आहे हो. दाखला चढतच नाही!" मी म्हटले, "अगं, आधी 'स्लो' काय आहे ते तर पाहू."

पाहावयाचे काय? संगणकाच्या लेखी मजकूर, चित्र, आवाज हे सारे शून्य आणि एक यांच्या रांगा. त्यातील एका अंकाला 'बिट' म्हणतात. आठ बिटांचा एक 'बाइट'. घोटाळा होतो तो येथेच! फाइलीचा आकार बाइटमध्ये मोजतात, पण वाहतुकीचा वेग मात्र बिटमध्ये सांगतात. तेव्हा १०० एमबीपीएसची जोडणी घेतलीत, तर सेकंदाला १०० मेगाबाइट येतील या भ्रमात राहू नका. फार तर साडेबारा येतील. या वहनक्षमतेला 'बँडविड्थ' असे नाव आहे.

बरे, फाइल जाते कशी? अखंड जात नाही. तिचे सामान्यतः १५०० बाइटांपर्यंतचे तुकडे पाडतात, ती 'पॅकेट्स'. प्रत्येकावर क्रमांक असतो आणि पत्ताही असतो; तो 'आयपी पत्ता'. आपल्याला पिनकोड ठाऊक आहेच. संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ४२२००१ यातील पहिले तीन अंक पत्राला नाशिकची वाट दाखवतात, उरलेले तीन टपाल कचेरी सांगतात. 'राउटर' हे यंत्रही असेच पत्त्याचा आरंभीचा भाग पाहून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे लावून देते. एखादे वाटेत गहाळ झाले, तर क्रमांकावरून ते ध्यानात येते आणि तेवढेच पुन्हा मागवतात. अशी गळती वाढली की सारेच काम रेंगाळते.

तिसरा शब्द 'लेटन्सी', म्हणजे विलंब. गंगापूर धरणाचे पाणी घरी येते, तेव्हा नळ किती जाड ही एक गोष्ट, आणि पाणी पोहोचायला किती वेळ लागला ही दुसरी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. नाशिकहून मुंबई गाठायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. पण ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो, मग बँडविड्थ कितीही असो.

आता त्या मुलीचे पाहा. दाखल्याचे छायाचित्र होते १२ मेगाबाइटचे, म्हणजे ९६ मेगाबिट. तिच्या फोनवर माहिती उतरत होती झपाट्याने, पण चढण्याचा वेग होता सेकंदाला जेमतेम १ मेगाबिट. दीड मिनिटाचे काम, आणि समोरचे संकेतस्थळ मिनिटभरातच जोडणी तोडी! छायाचित्र २०० किलोबाइटचे केले, आणि दोन सेकंदांत दाखला चढला. अर्ज वेळेत गेला.

तक्रार एक, पण दुखणी तीन: वाट अरुंद, वाटेत गळती, किंवा पल्ला लांब. ताप म्हटल्याने औषध ठरत नाही, निदान करावे लागते. हे दोनचार शब्द ठाऊक असले, तर निदान आपले आपल्यालाही करता येते.