डिस्चार्ज बुकात न चढलेले पदक

१६ डिसेंबर २०२१ रोजी बांगलादेश मुक्तियुद्धाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या आठवड्यात आपल्या भागातही माजी सैनिकांचे सत्कार झाले. अशाच एका कार्यक्रमाला आळंद तालुक्यातले आपले एक सभासद पांढरा सदरा आणि फेटा घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. यादी वाचून झाली, शाली देऊन झाल्या, पण यांचे नाव काही पुकारले गेले नाही. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की यादी कागदावरून केली होती आणि यांच्या कागदावर १९७१ च्या लढाईची एकही नोंद नव्हती. गावात लहानथोर सगळे त्यांना मिलिटरी अण्णा म्हणतात. आम्हीही इथे तसेच म्हणू.

अण्णा त्या दिवशी कोणाला काही बोलले नाहीत. चार दिवसांनी आमच्याकडे आले, प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज बुक काढले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कागद कळतो. मी लढाईला गेलो होतो का नव्हतो, ते यात बघून सांगा."

बुकात तीन पदके होती: सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त दिलेले मेडल. पूर्वी स्टार नाही, संग्राम मेडलही नाही. आणि अण्णा तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जमालपूरच्या लढाईत होते. ही लढाई आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. जमालपूरच्या पाकिस्तानी तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी शरणागतीच्या पत्राला उत्तर पाठवताना सोबत बंदुकीची गोळी गुंडाळून दिली होती. मराठ्यांनी शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवून धरला होता. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी सैन्य तिथून निसटायला गेले ते थेट यांच्या बंदुकांसमोर आले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. टांगाईलला छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन हीसुद्धा मूळची मराठा पलटणच.

आम्ही चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे आम्हाला हा प्रश्न पासबुकासारखा दिसला. डिस्चार्ज बुक म्हणजे पासबुक. ते खातेदाराच्या हातात असते, पण खरे खाते लेजरमध्ये, म्हणजे पलटणीच्या अभिलेख कार्यालयात असते. आणि लेजरमधली प्रत्येक नोंद एखाद्या व्हाउचरवरून झालेली असते. फौजेत त्या व्हाउचरला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, जखम, पदक, सगळे पार्ट टू ऑर्डर निघाल्यावरच कागदावर चढते. पासबुकात नोंद नाही म्हणजे पैसे भरलेच नाहीत असे होत नाही. तशी तक्रार आली की आपण लेजर बघतो. लेजरमध्येही नसेल तर व्हाउचरचा गठ्ठा सोडतो. इथेही रीत तीच आहे. म्हणून अर्जात "मला पदक द्यावे" असे कधी लिहू नये. "माझ्या हक्काच्या पदकाची नोंद तपासून दुरुस्त करावी" असे लिहावे.

इथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो, कारण निम्मे अर्ज त्यात चुकतात. पदके दोन जातींची. एक शौर्याची: परमवीर, महावीर, वीरचक्र, अशोक, कीर्ती, शौर्यचक्र, सेना मेडल. ही नावानिशी राजपत्रात प्रसिद्ध होतात. ज्याचे नाव राजपत्रात आहे त्याच्या कागदावर नोंद राहिली असेल तर दुरुस्ती होते. नाव नसेल, आणि घरात मात्र "साहेबांनी शिफारस केली होती" एवढीच गोष्ट चालत आली असेल, तर नोंद दुरुस्तीच्या अर्जाने काही होत नाही. आम्ही हे स्पष्ट सांगतो, लोकांना कडू लागते, पण खोटी आशा लावण्यापेक्षा बरे. दुसरी जात मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांची. ती कोणाच्या शिफारशीवर मिळत नाहीत. ठराविक काळात ठराविक भागात सेवा केली की हक्क तयार होतो. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीला पश्चिमी स्टार आणि दोन्हींहून व्यापक असे संग्राम मेडल. श्रीलंकेला गेलेल्यांसाठी विशेष सेवा मेडलवर श्रीलंकेची पट्टी. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. लढाईत जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक आहे, तेही पुष्कळांच्या कागदावर राहून गेलेले असते. आपल्या भागातली बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या जातीची असतात, आणि यांत न्याय मिळण्याची शक्यता चांगली असते.

पैशाचे विचाराल तर मोहिमेच्या पदकाला मासिक भत्ता नाही. शौर्य पदकांना आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून परमवीर चक्राला महिना २०,०००, अशोक चक्राला १२,०००, महावीर चक्राला १०,०००, कीर्ती चक्राला ९,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,००० आणि शौर्याबद्दलच्या सेना मेडलला २,००० रुपये असा दर ठरला, आणि पश्चात तो पत्नीला चालू राहतो. तिथे नोंद चुकली की घरातल्या बाईचा दरमहाचा पैसा बुडतो. अण्णांच्या बाबतीत पैशाचा प्रश्नच नव्हता.

आता आमची चूक सांगतो. अण्णांनी पलटणीतली नोकरी संपवून घरी दोन वर्षे काढली आणि मग डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती झाले. आपल्या भागातले शेकडो जवान असेच करतात. दुसऱ्या भरतीला नवा नंबर मिळतो आणि कागद कण्णूरच्या अभिलेख कार्यालयाकडे जातात. अण्णांच्या पिशवीतले बुक होते दुसऱ्या नोकरीचे. आम्ही त्यावरचा नंबर घालून कण्णूरला अर्ज केला आणि निवांत बसलो. लढाई पहिल्या नंबरावर झाली होती, हे ध्यानात आले तेव्हा चार महिने गेले होते. नायब सुभेदार झालेल्यांचेही असेच होते. बढतीबरोबर जेसी अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर येतो आणि जुन्या नंबरावरची पदके जुन्या कागदातच पडून राहतात. नंबराच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते, तेही लोक गाळतात. ते गाळू नये.

पहिले बुक कुठे आहे विचारले तर अण्णा हसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या घराचे माळवद ट्रंकेवर पडले. ते स्वतः तेव्हा ड्युटीवर होते. माणसे वाचली, ट्रंकेतला कागद पुढच्या पावसात गेला.

कागद जाणे ही काही एकट्या अण्णांची कहाणी नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी जवानांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या जवानांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचे कागद त्यात गेले. त्यानंतर तिथले म्हातारे सैनिक पगाराच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, सोबत्यांची पत्रे जमवून आपापली नोंद पुन्हा उभी करत राहिले. आपल्याकडे आग लागायलाही नको. पेन्शनला पात्र न होता घरी आलेल्या जवानांचे सेवेचे कागद पंचवीस वर्षांनी नियमाप्रमाणेच नष्ट होतात, उरतो तो लाँग रोल. म्हणून अशा घरांनी तर अजिबात वेळ घालवू नये.

अण्णांना व्हाउचर सापडले ते एका सोबत्यामुळे. निपाणीकडचे त्यांच्याच कंपनीतले एक नाईक अजून हयात होते, दोघांचा दिवाळीला फोन असायचा. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारसमोर पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि साल लिहिलेले होते. मोहिमेच्या पदकाचा आदेश एकेका माणसाचा निघतोच असे नाही, एका आदेशाला पुष्कळ नावांची यादी जोडलेली असते. आम्ही तो क्रमांक, अण्णांचा जुना नंबर, भरतीची तारीख, सोबत्याच्या पानाची नक्कल आणि त्याचे प्रतिज्ञापत्र असे सगळे जोडून दुसरा अर्ज केला, या वेळी पहिल्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे.

कोणाचे कागद कुठे, हे थोडक्यात सांगतो. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशातले सागर, तोफखाना नाशिक रोड, ईएमई सिकंदराबाद, बॉम्बे इंजिनिअर पुण्याजवळचे खडकी, मद्रास इंजिनिअर बेंगळुरू, सिग्नल जबलपूर. बीदरला विमानतळ असल्याने मुलांना एअरफोर्सचे वेड आहे. त्यांचे कागद दिल्लीला सुब्रतो पार्कात असतात, नौदलातल्या खलाशांचे मुंबईला.

अर्जात आपल्या भागाची एक खास अडचण येते, ती पत्त्याची. १९५६ पूर्वी भरती झालेल्याच्या कागदावर हैदराबाद राज्य असते, नंतरच्या कागदावर म्हैसूर राज्य, १९७३ नंतर कर्नाटक. गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ साली झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, त्यामुळे आज लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या घरातल्या आजोबांच्या कागदावर जिल्हा बीदर सापडतो. त्यात शाळेचा दाखला उर्दूत, सातबारा नाही तर पहाणी कन्नडमध्ये, घरातले नाव मराठीत आणि भरतीवेळच्या कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले इंग्रजी. श्रीपतीचा श्रीपाद आणि माणिकरावाचा माणिक होतो, आडनाव तर कधी कधी गायबच. अर्जात कागदावरचे नाव आणि पत्ता जसेच्या तसे आधी लिहावे, मग आजचे नाव आणि पत्ता, आणि दोन्ही माणसे एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. आधी नाव सुधारून घेऊ आणि मग पदकाचे बघू असे केले तर दोन्ही अडकतात. आता पेन्शन स्पर्श प्रणालीवर गेल्याने नावातला फरक तिथेही आडवा येतो, तेव्हा हे प्रतिज्ञापत्र दुहेरी कामाचे आहे.

घरात पदक असेल तर त्याची कड बघावी. नंबर, हुद्दा, नाव बहुधा कडेवर कोरलेले असते, आणि तो पुरावाच आहे. आमची विनंती आहे की दिवाळीला भांड्यांबरोबर पदके चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात.

अर्जाला उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपये फी भरून स्वतःच्या सेवानोंदीची आणि पदकांच्या पार्ट टू ऑर्डरची नक्कल मागता येते. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. जवान हयात नसेल तर पत्नीने पेन्शनचा आदेश जोडून मागावी. त्यापुढची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरण, जे २००९ पासून सुरू आहे. कर्नाटकासाठी त्याचे खंडपीठ कोचीला आहे. सीमेपलीकडच्या आपल्या लातूरच्या पाहुण्यांना मुंबई, आणि आपल्याला कोची. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जावे लागते आणि त्याआधी खात्याकडे दाद मागून झालेली असावी लागते. कागदावरची लढाई मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही चुकत नाही. कारगिलच्या बटालिक भागात ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग आपल्या कामगिरीची नोंद चुकीची केली गेली म्हणून याच न्यायाधिकरणात गेले, आणि २०१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

अण्णांना सात महिन्यांनी पत्र आले. आदेशाच्या यादीत त्यांचा जुना नंबर होता. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्हींची नोंद ग्राह्य धरली होती. अण्णांनी आम्हाला फक्त नंबर मोठ्याने वाचायला सांगितला. वाचून झाल्यावर म्हणाले, "हाच." मग चष्मा काढून पत्राची घडी केली आणि निपाणीला फोन लावायला सांगितले.

सध्या मंडळाकडे अशी पाच प्रकरणे आहेत, त्यातली तीन विधवा भगिनींची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या खोलीत बसतो. येताना मूळ डिस्चार्ज बुक, दोन नोकऱ्या असतील तर दोन्ही बुके, पेन्शनचा आदेश आणि जुने फोटो आणावेत. फोटोत छातीवरच्या रिबनी दिसतात, त्यांची मदत होते. बुकाला लॅमिनेशन मात्र करून आणू नये, शिक्के वाचता येत नाहीत.