जुन्या पिकअप ट्रकमधील इंजिनबदल : ‘बिग ब्लॉक’चे तंत्रशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेत जुन्या वाहनांचे पुनरुज्जीवन ही घरगुती गॅरेजपासून सुट्या भागांच्या उद्योगापर्यंत विस्तारलेली परंपरा आहे. शेव्हरोले कंपनीचा १९६७ ते १९७२ या काळातील ‘सी-१०’ हा पिकअप ट्रक या परंपरेत विशेष लोकप्रिय आहे. त्यातील मूळ इंजिन काढून ‘बिग ब्लॉक’ इंजिन बसविताना कोणत्या बाबींचा विचार करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
‘बिग ब्लॉक’ म्हणजे अधिक घनक्षमतेचे इंजिन, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. तो पूर्णतः बरोबर नाही. ही संज्ञा सिलिंडरच्या ओतीव ठोकळ्याच्या रचनेशी निगडित आहे. शेव्हरोलेच्या १९५५ मधील ‘स्मॉल ब्लॉक’मध्ये लगतच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतील अंतर ४.४० इंच आहे. १९६५ मध्ये आलेल्या बिग ब्लॉकमध्ये ते ४.८४ इंच आहे. म्हणूनच ४०० घनइंचांचे एक इंजिन स्मॉल ब्लॉक ठरते, तर ३९६ घनइंचांचे बिग ब्लॉक. १९७० मध्ये आलेले ४५४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे बिग ब्लॉक अशा बदलासाठी बहुधा निवडले जाते.

जोडणीतील समस्या :
दोन्ही प्रकारच्या इंजिनांना गिअरबॉक्स जोडण्याची छिद्रे एकाच मांडणीची असतात. त्यामुळे ३५० घनइंचांच्या इंजिनाच्या जागी ४५४ बसविणे सोपे भासते. परंतु ४५४ च्या क्रँकशाफ्टचा तोल पुढील बॅलन्सर व मागील फ्लायव्हील यांवरील वजनांमुळे पूर्ण होतो. त्या काळातील ३५० च्या फ्लायव्हीलवर असे वजन नसते. जुने फ्लायव्हील तसेच ठेवल्यास इंजिन सुरू होते खरे. मात्र कंपनांमुळे बेअरिंगची हानी होते.

संपूर्ण ओतीव लोखंडाचे बिग ब्लॉक स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारणतः ४५ ते ५० किलो जड असते. हा भार मुख्यतः पुढील आसावर येत असल्याने स्प्रिंग बदलाव्या लागतात. अधिक उष्णतेसाठी मोठा रेडिएटर आणि वाढलेल्या टॉर्कसाठी सक्षम गिअरबॉक्स व मागील आस आवश्यक ठरतो.

सुरक्षिततेचा प्रश्न :
या ट्रकांना पुढील चाकांसाठी डिस्क ब्रेक १९७१ पासून प्रमाणित स्वरूपात मिळाले. त्यापूर्वीच्या ट्रकांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरचा वेग ११२ झाला, तर ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. हे ड्रम ब्रेक वारंवार तापल्यास त्यांची पकड क्षीण होते. म्हणून ब्रेक व निलंबन यांची सुधारणा इंजिनबदलाच्या आधी होणे इष्ट होय. कॅलिफोर्निया राज्यात १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल वाहनांना नियतकालिक धूरचाचणीतून सूट आहे. पण चाचणीतील सूट म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे.

निष्कर्ष :
इंजिन हा वाहनाचा सुटा घटक नसून एका परस्परावलंबी व्यवस्थेचा भाग आहे. एका घटकाची शक्ती वाढविली की उर्वरित घटकांची क्षमता तपासणे अपरिहार्य ठरते. अशा इंजिनबदलाचे यश वाहन किती वेगाने धावते यापेक्षा ते किती खात्रीने थांबते, यावरून ठरविणे अधिक योग्य होईल.