मेडिकलच्या भिंतीवरची चौकट

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीसारख्या गावात मेडिकल टाकायचं, तर ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तोही दुकानात ठळक दिसेल असा लावावा लागतो. १९४५च्या औषध नियमांनुसार साध्या औषधांसाठी परवान्याचा नमुना २०, तर लसी, इन्सुलिन यांसारख्या औषधांसाठी नमुना २१. किरकोळ विक्रीला जागा किमान १० चौरस मीटर हवी आणि थंड ठेवायच्या औषधांसाठी फ्रीज. २०१७ पासून परवान्याचं नूतनीकरण नाही. दर पाच वर्षांनी शुल्क भरलं की तो चालू राहतो.

खरी मेख फार्मासिस्टची. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस भलत्याच गावी, हा प्रकार मात्र सगळ्यांना ठाऊक आहे! काही अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधं याच नियमांच्या ‘एच-१’ यादीत येतात. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपावी लागते.

हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉलसारखी मोजकी घरगुती औषधं किराणा दुकानदारही विनापरवाना विकू शकतो, पण कंपनीच्या मूळ वेष्टनातच.